भीमराजनं मागितलेली सायकल

माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. बेलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी एकवीस वर्षं टाइमकीपर होतो. टाइमकीपरचं डोकं थंड असलं तर आठचा भोंगा लोकांना साडेआठला ऐकू येतो, असं मी म्हणायचो आणि स्वतःच हसायचो. आता हसू येत नाही.

त्र्याण्णव साली कारखान्यानं योजना काढली. पाच किलोमीटरच्या पुढून येणाऱ्या कामगाराला नवी सायकल, पैसे पगारातून हळूहळू कापायचे. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सायकली दोन तऱ्हेच्या. एक काळी, दणकट, मागं कॅरियर; बायको आणि दळणाचा डबा दोन्ही घेऊन जाईल अशी. दुसरी लाल, हलकी, बारीक टायरची, खाली वाकलेल्या हँडलची. तिला पोरं रेसर म्हणायची. सगळ्यांनी काळी सांगितली. एकट्या भीमराजनं लाल.

भीमराज वर्कशॉपमध्ये फिटर. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कामाला चोख, बोलण्यात मात्र भलता कंजूष. कॅनॉलच्या कडेनं साडेपाच किलोमीटरवर त्याची वस्ती. घरी आई, भागूबाई. तिच्या अंगावरून वारं गेलेलं, एक बाजू लुळी. बहीण तिचं सगळं करायची, पण फेब्रुवारीत बहिणीचं लग्न झालं. तेव्हापासून जेवणाच्या तासाभराच्या सुट्टीत हा मागच्या ऊस-फाटकानं गुपचूप घरी जायचा, कुणाची तरी सायकल मागून. आईची कूस बदलायची, तिला धुवायचं-पुसायचं, दोन घास भरवायचे आणि एकच्या आत परत यायचं. यातलं मला तेव्हा अक्षरही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की सुट्टीत फाटकाबाहेर जायला बंदी आहे, आणि ती मोडली म्हणून मी आदल्याच आठवड्यात दोघांना मेमो दिले होते.

"रेसर कशाला रे तुला?" मी विचारलं.

"लवकर जाता येतं, साहेब."

"ड्यूटी तुझी आठ ते पाच. पाचनंतर कुठली गाडी चुकते?"

मागं उभी असलेली मंडळी फिदीफिदी हसली. "पोरगी बघायला जायचं आसंल," कुणीतरी म्हणालं.

"व्हय," भीमराज म्हणाला, "तसंच समजा."

झालं! एवढ्यावर माझं डोकं सटकलं. योजना कामगाराच्या सोयीसाठी, आणि या पठ्ठ्याला सायकल पाहिजे मिरवायला! "अरे, हिला कॅरियर नाही. उद्या आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय खांद्यावर नेशील?" असं मी चारचौघांत सुनावलं. आईचं नाव निघाल्यावर त्यानं एकदम वर पाहिलं. काहीतरी बोलणार होता. मग त्याची नजर माझ्या टेबलावरच्या मेमोच्या वहीवर गेली आणि तो गप्प बसला. मी लाल खोडून काळी लिहिली. आपण त्याचं भलंच केलं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात तो मला सापडला. गाळप संपलेलं होतं, ऊस-फाटक ओस पडलं होतं. मी सहज त्या बाजूला गेलो, तर एक वाजून अकरा मिनिटांनी भीमराज काळ्या सायकलवरून आत आला, घामानं निथळत. मी जो तोंडाचा पट्टा सुरू केला, तो थांबेना. शेवटी फाटकावरचा वॉचमन कानिफनाथ मधे पडला. त्यानंच रोज याला सोडलं होतं. त्यानं मला सगळं सांगितलं.

"मग हे मला का नाही सांगितलंस?" मी भीमराजवरच ओरडलो.

"कसं सांगनार साहेब? तुमी फाटकच बंद केलं आसतं."

केलंच असतं.

"ही सायकल लई जड हाय," तो म्हणाला. "जायाला पंचवीस मिन्टं, यायला पंचवीस. आईपाशी दहा मिन्टं बी न्हाई मिळत. कवा कवा तर नुसतं कापड बदलूनच यावं लागतं. तिला ते कळतं. ओल्यात पडून ऱ्हायला नको म्हनून ती सकाळपास्नं पान्याला तोंड लावत न्हाई. आन् दुपारी बी घोटभरच पिती."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याचं घर पत्र्याचं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आणि तरी माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "उद्यापासून दुपारी अर्धा तास उशिरा ये. मी लिहिणार नाही." एकवीस वर्षांत मी कुणाची वेळ खोटी लिहिली नव्हती. त्याच्यासाठी लिहिली. सायकल बदलून द्यावी म्हणून अर्जही मीच लिहिला. श्रीरामपूरच्या दुकानात रेसर शिल्लक नव्हती, ती नगरहून मागवावी लागली.

नवव्या दिवशी भागूबाई गेल्या. लघवीत जंतू झाले होते, अंगातलं पाणी आटलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे महिना-दोन महिने चाललं असावं, असंही म्हणाले. डॉक्टरांना सायकलीचं काही ठाऊक नव्हतं. मला होतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसकार्याच्या दिवशी मी वस्तीवर गेलो. बुद्धवंदना झाली. भीमराजची बहीण पाण्याचा पेला घेऊन आली. तो मला संपवता येईना, आणि ती बाजूला उभी राहून बघत होती, म्हणून खालीही ठेवता येईना. गेलो होतो माफी मागायला. भीमराजला म्हणालो काय, तर रजेचं मी बघतो. लाज वाटते सांगायला, पण माफी राहूनच गेली.

जूनमध्ये रेसर आली. मी त्याला ऑफिसात बोलावून घेतलं. त्यानं सीटखाली हात घालून ती एका हातानं उचलली, मागचं चाक फिरवून बघितलं.

"लई हलकी हाय," तो म्हणाला.

मी सहीसाठी कागद पुढं केला. त्यानं सायकल भिंतीला नीट टेकवली.

"दुसऱ्या कुनाला तरी द्या साहेब. काळी बरी हाय मला. आता दुपारचं जायाचं कुठं?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. निदान मला चिडता तरी आलं असतं.