दौलताबादचा लाल थर

थर छत्तीस सेंटिमीटर जाडीचा आहे. दौलताबादच्या रस्त्यासाठी टेकडी कापली, तिथे खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मध्ये ही विटकरी पट्टी. मी ती तीन ठिकाणी मोजली आहे.

माझे वडील, कडूबा मास्तर, छावणीतल्या आमच्या चर्चचे पंच. घरात आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांच्या मते ती नोहाच्या जलप्रलयाची माती. दर वर्षी चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेच्या मुलांना ते तिथे नेतात आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवतात. "माझी तनुजा दगडांचीच एम.एस्सी. हाय. विचारा तिला."

मी बाटलीतलं पाणी पिते. अकरा वर्षं मला नेमकी तिथेच तहान लागते. पोरीला दगड शिकवून काय करणार, असं पाळकांसकट सगळे विचारत होते, तेव्हा दादा एकटे माझ्या बाजूने भांडले होते.

आज त्या मातीचं ढेकूळ चर्चच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत बसणार होतं. याह्या पेंटर बोर्ड रंगवत होता. 'नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा' लिहून झालं होतं. खाली 'शास्त्रीय तपासणी:' आणि पुढे मोकळी जागा.

"नोहा म्हंजे नूह, ते तर आमचेबी पैगंबर," याह्या म्हणाला. "पर मास्तर, जहाज लाकडाचं. त्यात समद्या जीवांच्या जोड्या, मंग वाळवीची जोडीबी व्हती का?"

"व्हती. तिला उपास व्हता. तू ब्रश चालव."

"ताईंचं नाव पूर्ण टाकू?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बाटली घरी राहिली होती.

"दादा, ही माती भाजलेली आहे. वरून लाव्हा वाहिला तेव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी."

"मग? पाणी वसरल्यावर आला आसंल लाव्हा."

"तेव्हा माणूसच नव्हता. नोहा कुठून आणायचा?"

"देवाला काय अवघड हाय?"

"देवाला नसेल. पण बोर्डावर सही देवाची नाही, माझी आहे."

याह्याने ब्रश डब्यात उभा केला आणि खिडकीबाहेर बघू लागला. दादांनी ढेकूळ उचललं, उलटसुलट केलं. बोटं लाल झाली.

"आन् अकरा वर्षं मान डोलवत व्हतीस ती?"

"पाणी पीत होते."

"मंग आता पोरांना काय सांगू मी?"

"नोहाची गोष्ट तुम्हीच सांगा, दादा. माझ्यापेक्षा छान सांगता. पण थर यंदा मी सांगणार, खरा आहे तसा. याह्याभाई, रंग ओला आहे तोवर 'पुरावा'ची ओळ पुसून टाका."