दोनशे छप्पन वजा

शीतगृहातलं तापमान दाखवणाऱ्या नव्या पडद्याचा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला होता. कंपनीतलं तिचं पहिलंच स्वतंत्र काम. पडदा बसून चार दिवस होत नाहीत तोच तिथल्या मॅनेजरचा फोन आला, "मॅडम, गोठवलेले मटार दोनशे अडतीस अंशांवर आहेत म्हणतोय तुमचा पडदा." ती लॅपटॉप घेऊन तशीच निघाली.

दुपारी ती पोचली तेव्हा तिथले मेकॅनिक दारातच उभे होते. स्वभाव इतका शांत, की सगळे त्यांना थंडोबा म्हणत आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नसे.

"घाबरू नका ताई, माल ठणठणीत आहे," म्हणत त्यांनी वही पुढे केली. दर तासाला पडद्यावरचा आकडा आणि शेजारी त्यांच्या जुन्या थर्मामीटरचा. दोनशे अडतीससमोर उणे अठरा, दोनशे चाळीससमोर उणे सोळा. "पडद्यावरच्या आकड्यातून दोनशे छप्पन वजा केले की बरोबर येतं. तसंच निभावून नेलं. पण दोनशे छप्पनच का, ते काही डोक्यात शिरत नाही."

तिच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. वहीच्या मागच्या पानावर तिने आठ चौकोन काढले. "सेन्सर तापमान या आठ घरांत पाठवतो. प्रत्येकात शून्य नाहीतर एक. उजवीकडचं घर एकाचं, मग दोनाचं, चाराचं, असं दुप्पट होत डावीकडचं शेवटचं एकशे अठ्ठावीसचं. शून्याखाली जाता यावं म्हणून सेन्सर ते शेवटचं घर उणे धरतो. मी ते अधिक धरलं. ऑफिसात पंख्याखाली बसून तपासलं, तिथे पारा कुठला शून्याखाली जायला?"

थंडोबांनी पेन्सिल गालाला टेकवली. "उणे एकशे अठ्ठावीसच्या जागी अधिक एकशे अठ्ठावीस. म्हणजे फरक दुप्पट. दोनशे छप्पन."

"काका, हे गळी उतरायला मला कॉलेजात दोन महिने लागले होते."

लॅपटॉप उघडून तिने प्रोग्राममधला एकच शब्द बदलला. पडद्यावर उणे अठरा उमटलं. मॅनेजर "झालं?" एवढंच विचारून निघून गेले. थंडोबांनी मात्र तासभर थर्मामीटरशी ताडून पाहिलं, तेव्हा कुठे मान डोलावली.

मग दोघं बाहेर उपड्या क्रेटवर चहा घेत बसले. "आठही घरांत एक भरला तर?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच बेरीज मांडली. सात घरांचे एकशे सत्तावीस, त्यातून एकशे अठ्ठावीस गेले. "उणे एक," ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसत पुढचे चौकोन आखू लागले. तिची बस चुकली. तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.