सोळा जणांचा दोर

सत्यभामाच्या अंगठ्याला शाई लागली होती. ओसरीवर गाव जमलं होतं. समोर जमिनीच्या अदलाबदलीचा कागद होता आणि तो लिहिणाऱ्या मुन्शीजींना बालाघाटची बस गाठायची होती.

नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला विहिरीजवळचं चौकोनी वावर आलं होतं. धाकटा दीर भोजराज त्याच्या बदल्यात नाल्याकाठची लांब, अरुंद पट्टी देत होता. पाणी आयतं, म्हणून तीही राजी झाली. सकाळी दोन्ही वावरांच्या धुऱ्यांवरून, चारी बाजूंच्या बांधांवरून, दोर फिरवला, तर सारखाच भरला. लामत्याजवळच्या या गावात जमीन अशीच मोजत. दोरापुढे कोणी बोलत नसे.

"थांब बाई," फकिरा गुरुजी म्हणाले. प्रौढांच्या वर्गात त्यांनीच तिला आकडे शिकवले होते. त्यांनी ओट्यावर खडूने लांबी-रुंदीचा गुणाकार मांडला. शेजारच्या पुनारामने जांभई दिली. मागून कोणी खुदकन हसलं.

"गुरुजी, शाई वाळून राह्यली," भोजराज म्हणाला. "दोर सारखा, तं वावर सारखं. काहून घोळ घालता?"

सत्यभामालाही तसंच वाटत होतं. दोराचं एक टोक तिनेच तर धरलं होतं.

मुन्शीजी उठू लागले. गुरुजींनी खडू खिशात टाकला.

"पुनाराम, विहिरीचा दोर आन. सोळा जन बसा. चार पंगती, चार-चारच्या. भोजराज, तूही बस."

"जेवन हाये का, गुरुजी?" मागून कोणी विचारलं.

"हौ, बस तं खरं."

मांडीला मांडी लावून सोळा जण बसले. गुरुजींनी भोवती दोर ताणला आणि गाठ मारली.

"आता उठा. गाठ तीच, दोर तोच. एकाच पंगतीत बसा."

दोर लांब ओढला. माणसं एकामागून एक आत बसू लागली. पाच. सहा. सातव्याला दोर काचला. आठवा भोजराज होता.

"सरका रे जरा," तो म्हणाला. सरकायला जागाच नव्हती.

सत्यभामाने बाहेर उभे राहिलेले मोजले, मग पुन्हा मोजले. नऊ.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "या नऊ जनाईले तुमच्या पट्टीत जागा करा. मंग लावीन आंगठा."

सत्यभामाने अंगठा सारवलेल्या जमिनीवर घासला. मुन्शीजींनी कागदाची घडी घातली आणि बसच्या वाटेला लागले.