शेवाळाला पडलेली चीर

न पाहता सही करणारी माणसं आपल्यात किती असतील? हात वर करा म्हटलं तर फारसं कुणी करणार नाही. पण मनातल्या मनात बरेचजण चपापतील.

वननिरीक्षक त्यातलाच. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण गावामागच्या डोंगराची सहामाही पाहणी तो खुर्चीत बसूनच उरकायचा. मागचा अहवाल पुढ्यात घ्यायचा, तारीख बदलायची आणि 'उतारावरील शेवाळ व माती : बदल नाही' असं लिहून मोकळा व्हायचा.

"शेवाळात काय बघायचंय? पाय घसरून पडायला जायचं का?" असं तो म्हणाला, की सगळं ऑफिस हसायचं.

चार दिवसांची झड थांबली, त्या सकाळी बाई ऑफिसात आल्या. बाई म्हणजे कॉलेजात त्याला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यात भिंग अडकवून डोंगर हिंडायच्या. त्यांनी टेबलावरचा ताजा अहवाल उचलला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"बदल नाही? अरे, काल मी तिथेच होते. तू कधी गेला होतास?"

निरीक्षक टाचण्यांच्या डबीशी चाळा करू लागला.

"ऊठ. बूट घाल."

बाईंपुढे नाही म्हणायची त्याची आजही टाप नव्हती.

तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना उताराचा पायथा कापला होता, वरची मोठी झाडंही पाडली होती. निरीक्षकाला हे कागदावर ठाऊक होतं. प्रत्यक्षात तो वर आला आणि त्याला जागाच ओळखू येईना. कॉलेजच्या दिवसांत इथे दिवसाही अंधारलेलं असायचं, खडकांवर हात ठेवला की ओल्या शेवाळात बोटं रुतायची. आता डोक्यावर उघडं आभाळ होतं. खडकांवर काळपट पापुद्रे उरले होते; बोट लावताच सुटून येत होते.

"सावली गेली की हे जुनं शेवाळ तग धरत नाही," बाई म्हणाल्या. "पाऊस आधी त्याच्यात मुरायचा, मग बेताबेताने खाली झिरपायचा. आता सगळं पाणी थेट मातीत शिरतंय. आणि हे बघ, तांबूस देठांचं बुटकं शेवाळ. उकरलेल्या, मोकळ्या झालेल्या मातीवर हे आधी येतं. रस्ता केला तेव्हा खाली कडेला होतं. आता इथवर चढलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे इथली माती एका जागी बसलेली नाही रे."

निरीक्षकाने मान डोलावली, पण त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. जेवणाच्या सुट्टीआधी परतायचं होतं. एवढ्यात बाईंनी त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"पाऊल टाकू नकोस!"

समोर एका सावलीच्या खळग्यात शेवाळाची हिरवी चादर अजून शिल्लक होती. ती मधोमध फाटली होती. चीर उताराला आडवी, या झुडपापासून पार त्या घळीपर्यंत गेली होती. फाटलेल्या कडा ताज्या होत्या. मुळासारखे बारीक तंतू अजून ओले, लोंबकळत होते. निरीक्षकाने गुडघ्यावर बसून चिरेत हात घातला. कोपरापर्यंत गेला, तरी तळ लागेना. आत कुठेतरी पाणी वाहिल्याचा आवाज येत होता.

 "काल मी आले तेव्हा ही चीर नव्हती," बाई म्हणाल्या.

मग चिरेखालून एक खडा गडगडत गेला. पाठोपाठ दुसरा. त्याची नजर त्यांच्यामागून खाली गेली. रस्त्याच्या पलीकडे शाळेचं लांबट छप्पर होतं. त्या छपराखाली, चौथीच्या वर्गात, त्याची लेक बसली होती.

तो उतरला कसा, हे त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. शाळेत शिरला तेव्हा गुडघे सोललेले होते.

"मुलांना बाहेर काढा! डोंगर सुटतोय!"

मुख्याध्यापिका घाबरल्या, पण त्या सावध होत्या. "लेखी आदेश आहे? तीनशे मुलं आहेत, चेंगराचेंगरी झाली तर?" त्यांनी कपाटातून फाइल काढली. "हा तुमच्याच ऑफिसचा अहवाल. बदल नाही, धोका नाही. खाली सही तुमचीच ना?"

स्वतःचीच सही त्याच्या वाटेत आडवी उभी होती! आता खरं बोलायचं, तर नोकरी जाणार. गप्प बसायचं, तर...

"सही माझीच, पण अहवाल खोटा आहे!" तो ओरडला. "तीन वर्षांत मी तिथे एकदाही गेलेलो नाही. आज गेलो. मॅडम, पाया पडतो, घंटा वाजवा!"

 मुख्याध्यापिकांनी स्वतः जाऊन घंटा वाजवली.

रांगा करून मुलं पलीकडच्या मैदानात नेली. मागाहून बाईही पोहोचल्या. अर्धा तास गेला, तास गेला. डोंगर जिथल्या तिथे! पालक जमले, कुजबुज सुरू झाली. "उगाच घाबरवतात लोकांना," एकजण मोठ्याने म्हणाला. निरीक्षक लेकीचा हात धरून उभा होता आणि डोंगरावरून त्याची नजर हटत नव्हती. आपलं चुकलेलं असावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दीडच्या सुमारास झाडं हलली. वारा नव्हता, तरी हलली. मग दरड सुटल्याचा आवाज आला, आणि रस्ता, कुंपण, शाळेच्या मागच्या चार खोल्या चिखलाखाली गेल्या. त्यात चौथीचा वर्गही होता.

 मैदानात जो तो आपलं मूल चाचपून बघत होता.

"बाबा," लेकीने विचारलं, "तुम्ही खोटं लिहिलं होतंत?"

इतक्या लोकांत तिने विचारलं. निरीक्षक खाली बसला. "हो," तो म्हणाला. "बाई आल्या नसत्या, तर आजही तेच लिहून घरी आलो असतो."

पुढे चौकशी झाली. त्याने काहीही लपवलं नाही. शिक्षा झाली, ती त्याने भोगली. पुन्हा कामावर रुजू झाला तो मात्र थेट डोंगरावरच गेला.

मंडळी, तो बोटभर उंचीचा हिरवा जीव ओरडू शकत नाही. सावली हटवली की तो वाळतो, जमीन हलली की फाटतो. एवढंच त्याचं बोलणं. ते ऐकायला आपल्यातल्या कुणीतरी तिथवर चालत जायला हवं. जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याखाली आपलं नाव लिहू नये. त्या नावाच्या भरवशावर कुणाचं तरी मूल वर्गात बसलेलं असतं!