मुळांवरच्या गाठी

प्रिंटरमधून निघालेला दुसरा कागद सरवटे सरांनी उभ्याउभ्याच वाचला आणि शेजारची खुर्ची घट्ट धरली.

"तबीयत ठीक है ना, सर?" टावर चौकातल्या त्या सायबर कॅफेच्या मालकानं विचारलं.

"हाँ, हाँ," म्हणत ते बाहेर आले. स्कूटरला चार किका माराव्या लागल्या.

शेंगा येणाऱ्या झाडांच्या मुळांवर ज्या बारीक गाठी असतात, त्या जिवाणूंच्या एकाच घराण्यामुळे येतात, असं इतकी वर्षं सगळे मानत होते. ते खरं नव्हतं. भलत्याच घराण्यातला जिवाणूही गाठी आणतो, हे परदेशात आता सिद्ध झालं होतं. तो मजकूर वाचताना श्रीपाद सरवटेंना एकच नाव आठवलं. जयू पुराणिक.

आठ वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, जयू त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. बाडमेरच्या रेताड माळावरून तिनं उन्हाळी नावाची रानटी झुडपं मुळासकट खणून आणली होती. पाण्याचा टिपूस नसलेल्या त्या जमिनीतही गाठी टपोऱ्या, गुलाबी. जयूनं त्यातला जिवाणू काचेच्या बशीत वाढवला, तर तो बशीतला रंग पिऊन लालभडक झाला. गाठीतला खरा जिवाणू रंग घेत नाही. लाल झाला तो बाहेरून शिरलेला, असं सर वीस वर्षं शिकवत आले होते.

"आधी हात स्वच्छ ठेवायला शिक," सगळ्या प्रयोगशाळेदेखत ते म्हणाले आणि बशा उकळून फेकायला लावल्या. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही. मग जयू यायची बंद झाली.

गावाबाहेर भैरवगढला कापडछपाईच्या एका कारखान्यात ती रंग बनवते, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

सर तिथे पोचले तेव्हा ती रंगाच्या हौदाशीच उभी होती, कोपरापर्यंत लाल. सरांना पाहून गडबडली, हात पुसायला फडकं शोधू लागली.

"सर? तुम्ही इकडे कुठे?"

"हे वाच."

ओल्या हातात कागद घेता येईना, म्हणून सरांनीच तो तिच्यासमोर धरला. जयूनं शेवटपर्यंत वाचलं.

"तू बरोबर होतीस," ते म्हणाले.

जयू हसली. "ते तर मला तेव्हाच पक्कं झालं होतं, सर. दुसरा कुठलाच जिवाणू उरू नये म्हणून वाळू भाजून घेतली आणि तिच्यातल्या रोपांना तोच जिवाणू दिला होता ना मी. चौदाच्या चौदा रोपांना गाठी आल्या. ज्यांना दिला नव्हता, त्यांना एक नाही."

सरांनी कागद खाली घेतला. "मला सांगितलं नाहीस ते?"

"वही तुमच्या टेबलावर ठेवली होती. रोपं शेजारच्या खिडकीत. पंधरा दिवस होती तिथे. मग तुम्ही झाडलोट करणाऱ्या मीनाबाईंना फेकायला सांगितलीत." ती थांबली. "सुरुवातीला लई गुस्सा यायचा. मग म्हटलं, सरांनी पाहिलं असणार, पण आपलं काम एवढं मोठं निघालं, की सरांना ते सोसवलं नाही. त्याच एका गोष्टीवर इतकी वर्षं तगले, सच सांगते."

सरांना खिडकी आठवत होती. वहीही आठवली, तिच्यावर त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला होता. आता नुसतं हो म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. जयू त्यांना माफ करूनच बसली होती.

"मी वही उघडलीच नव्हती, जयू," ते म्हणाले. "रोपंही उपटून पाहिली नाहीत. जागा अडत होती म्हणून फेकायला सांगितली."

जयूच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं.

"पाहिलंच नाहीत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"एकसुद्धा रोप?"

आतून कुणीतरी ओरडलं, "दीदी, रंग गाढ़ा हो रहा है!" जयूनं तिकडे पाहिलं नाही. ती हळूहळू खाली बसली, हौदाच्या ओल्या कठड्यावर, कपड्यांची पर्वा न करता.