मोह टाळा

गुणवंतराव म्हणजे चामोर्शीकडचे रिटायर पीटी मास्तर. रिटायर आपले कागदावर. गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. गावातल्या पोरापोरींना पोलीस भरतीसाठी पळवायचं, हे खूळ त्यांनी स्वतःहून मागे लावून घेतलं होतं. फी नाही, मानधन नाही, वर घरी कमळाबाईंची बोलणी. तरी पहाटे पाचला स्वारी मैदानावर हजर.

मैदानाच्या फाटकावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘मोह टाळा, यश मिळवा.’ नोकरीत जिथे बदली झाली, त्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर त्यांनी हेच लिहिलं होतं. मोबाइल, सिनेमा, पानठेला, प्रेमप्रकरणं, सगळ्यावर एकच औषध. कोणी उशिरा आलं, तर मास्तर बोलत नसत. नुसतं पाटीकडे बोट. आणि नव्या बॅचला पहिल्या दिवशी एक गोष्ट ठरलेली: माझ्या शाळेत एक पोरगा होता, हरणासारखा पळे, मोहापायी वाया गेला.

यंदाच्या बॅचमध्ये मंगलीवर त्यांचा भारी जीव. जंगलातल्या टोल्यावरून, पाच-दहा घरांच्या वस्तीवरून, सायकल हाणत यायची, चपला कुंपणाला अडकवायची आणि अनवाणी पळायची. आठशे मीटरला पोरंसुद्धा तिच्यामागे धापा टाकत. भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली आणि नेमकी हीच गायब. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले सहा दिवस.

मास्तरांनी निदान करून टाकलं. वय एकोणीस, मार्च महिना, पोरगी गायब. दुसरं काय असणार? कोण्या पोट्ट्याची भानगड. सातव्या दिवशी त्यांनी रागारागात स्कूटरला किक मारली.

मंगली अंगणातच सापडली. तिची आई सुकरी बाजूला झाडत होती. अंगणभर फुलं वाळत घातलेली, गोडसर वास नाकात शिरत होता. पण रागावलेल्या माणसाला कुठलं आलंय नाक?

“काऊन येत नाई तू?”

मंगली हातानं फुलं पसरत राहिली.

“मोह सुटत नाई, असं म्हन ना सरळ.”

“नाई सुटत जी, गुरुजी.”

पोरगी इतकं सरळ कबूल करेल, असं मास्तरांना वाटलं नव्हतं. “कधीपासून हाय हे?”

“दरसाल. मार्च लागला का.”

“दरसाल? घरी माहीत हाय?”

“घरचेबी संगंच असतेत. पहाटेच जावं लागते.”

मास्तरांना घाम फुटला. “आन तो राह्यते कुठी?”

“नाल्यापल्याड. चार हायेत आमचे. त्यातला मोठा लय चांगला.”

मास्तर मटकन बाजेवर बसले. सुकरीनं पदर तोंडाला लावला. “गुरुजी, झाडं जी. मोहाची झाडं.”

मास्तरांनी पायाखाली पाहिलं. मग अंगणभर पाहिलं.

“मोह पहाटेच पडते,” मंगली हळूच म्हणाली. “ऊन चढेस्तोर वेचला नाई तर गुरंढोरं खाऊन टाकतेत. सालभराचं तेल-मीठ त्याच्यावरच निघते. शेवटी मैदानावर आली त्या दिवशी वेचूनच आली होती, म्हनून उशीर झाला. टोपली सायकललेच होती. तुम्ही टोपलीकडे पाह्यलं आन पाटीकडे बोट केलं.” तिनं पायाजवळचं एक फूल उचललं. “मले दोन्ही पाहिजे होतं गुरुजी. पन पाटीवर एकच लिहून होतं.”

तेवढ्यात मंगलीचा बाप भरली टोपली घेऊन आला आणि लगबगीनं पाया पडला. मास्तरांनी त्याला ओळखलं. लालसू. हाच तो, हरणासारखा पळणारा. नववीत असताना एका मार्चमध्ये गेला, तो परत आलाच नाही.

“म्याच पोरीले समजावलं जी,” लालसू म्हणाला. “गुरुजी आमच्या शाळेतबी हेच लिहून ठेवत. ज्याच्या घरी मोह, त्याच्यासाठी ते पळनं नाई.”

“अरे, मले एकदा इचाराचं होतं.”

“भिंतीले काय इचाराचं, गुरुजी?”

लालसूच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. पंचवीस वर्षं याच पोराची गोष्ट त्यांनी ऐटीत सांगितली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली. सुकरीनं दिलेला काळा चहा ते प्याले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पोरं आली तेव्हा मास्तर ब्रश घेऊन फाटकाशी उभे होते. “आजपासून संध्याकाळी पाच,” एवढंच म्हणाले. पाटीवर ‘टाळा’ खरवडून निघालं होतं. त्या जागी ओलं होतं: ‘वेचा.’

“गुरुजी, शुद्धलेखन चुकलं,” निकेश म्हणाला.

“आतापरेंत चुकलं होतं,” मास्तर म्हणाले.

निरोप मिळाला तशी संध्याकाळी मंगली आली. पाटी वाचली, खुदकन हसली, चपला कुंपणाला अडकवल्या आणि मधल्या सात दिवसांचं उट्टं काढल्यासारखी पळाली. मास्तरांनी घड्याळ दोनदा पाहिलं. पोरगी नेहमीपेक्षा चार सेकंद आधीच आली होती.

तिला सोडायला लालसू आला होता. तो बराच वेळ फाटकाशी घुटमळला. मग त्यानंही चपला काढल्या आणि मंगलीच्या चपलांशेजारी अडकवल्या.

“गुरुजी, एक चक्कर मारू का जी?”

मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली खरी, पण ती वाजायला जरा वेळ लागला.