वाडग्याची साक्ष

पूर्वजांच्या देवळासमोरच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. बायका बाकांवर चढल्या होत्या, म्हातारे दारातल्या दगडी सिंहांना टेकून उभे होते, आणि सगळ्यांची नजर मधोमध ठेवलेल्या एका हिरव्या वाडग्यावर खिळली होती. वाडगा राखेच्या घमेल्यात बसवलेला. मागे शुभ्रसारस गुरुजी, अंगात पिवळा झगा, हातात घोड्याच्या शेपटीची चवरी.

"शांत व्हा!" गुरुजी खर्जात म्हणाले. "पाताळाच्या नवव्या दारातून पूर्वज निघालेत. वाट लांबची, त्यांना तहान लागलीय. वाडगा किणकिणला तर होय, गप्प राहिला तर नाही. आणि ज्याच्या मनात शंका असेल त्याने आत्ताच घरी जावं. उगाच एकापायी सगळ्यांचे पूर्वज रुसायला नकोत!"

कोणी हललं नाही. शंका असलेली एकटी शियांग वेनयिंगच होती, आणि ती हांगचौ शहरातून दोन नद्या ओलांडून त्याचसाठी आली होती.

"विचारा!" गुरुजींनी चवरी उडवली.

पुढे आली ती लू म्हातारी. मागे तिची सून त्सुइपिंग, मान खाली घातलेली. "माझा लेक गावच्या भट्टीवर मातीच्या भांड्यांना झिलई देण्याचं काम करतो, गुरुजी. धट्टाकट्टा होता. लग्न झालं आणि खोकायला लागला. आता रक्त पडतं. ही... ही त्याच्या भातात काही घालते का?"

गुरुजींनी डोळे मिटले, सुरईतलं पाणी धार धरून वाडग्यात ओतलं. आणि वाडग्यातून आवाज आला, बारीक, स्वच्छ, चांदीच्या घुंगरासारखा. टिंग.

गर्दीतून एकच चीत्कार उठला. त्सुइपिंग मटकन खाली बसली.

हाच प्रश्न, हेच अंगण, हाच आवाज. दोन वर्षांपूर्वी इथे वेनयिंगची ताई उभी होती. ताईचा नवराही झिलईवालाच, तोही खोकून खोकून गेला. वाडगा किणकिणला, गावप्रमुख हू यांनी झांज बडवली, आणि लोकांनी ताईला चिखल फासून पुलापर्यंत हाकललं. पुलावरून पुढे ती कुठे गेली ते नदीने चार दिवसांनी सांगितलं. आई गेल्यावर ताईनेच वेनयिंगला वाढवलं होतं, लाली-पावडरीचे पैसे वाचवून शिकायला पाठवलं होतं. वेनयिंग आता हांगचौच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. ताई गेल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी ती रडली नव्हती. तिने कुंभारकामाची पुस्तकं काढली होती.

"सकाळी हिचा निकाल लावू," गावप्रमुख हू म्हणाले.

"सकाळी कशाला, हू काका?" वेनयिंग गर्दीतून वाट काढत पुढे आली. "पूर्वज आलेच आहेत, तर मलाही दोन शब्द विचारू द्या."

"ही कोण?"

"धाकटी शियांग. शहरातली मास्तरीण," कोणीतरी पुटपुटलं, आणि पुढच्या लोकांनी नजरा चुकवल्या.

गुरुजींनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "विचार, पोरी. पण पूर्वजांची थट्टा केलीस तर जीभ झडेल."

"झडू दे, माझ्याकडे खडू आहे." दोघं-तिघं फसकन हसले. "पूर्वजांनो, बारा वर्षांपूर्वी भट्टीमालकाच्या डुकरिणीने चंद्र गिळला होता का?"

गुरुजींनी घाईने दुसरं भांडं उचललं आणि वाडगा रिकामा करून भांड्यातलं त्यात ओतलं. वाफ आली. वाडगा गप्प.

"पाहिलंत? मूर्ख प्रश्नाला पूर्वज उत्तर देत नाहीत!"

"मघाशी पाणी पाजलंत, आता गरम दारू का हो?" वेनयिंगने विचारलं. "माझ्या प्रश्नाला पूर्वज पिऊन बसायला हवेत, असं आहे का?"

या वेळी हसणारे जास्त होते. गुरुजी काही बोलायच्या आत तिने झऱ्याच्या पाण्याची सुरई उचलली आणि बोटं आत बुडवली. बर्फासारखं गार. मग घमेल्यातली राख चिमटीत घेतली आणि चटका बसून टाकली. राखेखाली निखारे होते.

"लू आजी, इथे हात लावा. लावा हो, चावत नाही."

म्हातारीने हात लावला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! भाजलं!"

वेनयिंगने दारू ओतून टाकली आणि वाडगा राखेत पुन्हा खोचला. गुरुजी पुढे झेपावले, पण भट्टीवरचे दोन धिप्पाड कामगार आडवे आले. त्यांनाही आता बघायचं होतं. वाडगा तापेपर्यंत ती थांबली. मग मोठ्याने म्हणाली, "डुकरिणीने चंद्र गिळला का?" आणि गार पाणी ओतलं.

टिंग.

पुढची रांग वाडग्याकडे वाकली.

"गावप्रमुख हू दर अमावास्येला बेडूक होतात का?" टिंग. "शुभ्रसारस गुरुजी अंडं घालतात का?" टिंग, आणि लगेच आणखी एक, टिंग. हसण्याची लाट देवळाच्या छपराला आपटली.

"भट्टी उघडली की भांडी किणकिणतात, हे तुम्ही जन्मापासून ऐकताय," वेनयिंग म्हणाली. "झिलईतल्या या बर्फासारख्या भेगा तुम्ही स्वतः मुद्दाम पाडता, शहरातले लोक त्यासाठीच ही भांडी घेतात. मातीपेक्षा झिलई जास्त आकसते. धुतल्यावर आटलेला सदरा जाड माणसाने चढवला की शिवण उसवते ना? तसंच. गरम वाडग्यात गार पाणी पडलं की झिलई एकदम आकसते आणि तडकते. तो तडकण्याचा आवाज. सगळी तडकून झाली की वाडगा मुका. म्हणून गुरुजींना दर वेळी नवा वाडगा लागतो. खरं ना, दोऊ गेनशेंग?"

आपलं खरं नाव ऐकताच गुरुजींच्या हातातली चवरी गळून पडली. शेजारच्या जिल्ह्यात ते भट्टीवर झिलई कालवायचे, आणि चोरीवरून हाकलले गेले होते. वेनयिंगने सुट्टीभर वणवण करून ते शोधून काढलं होतं.

आता ती वाडग्याजवळ बसली. आवाज एकदम खाली आला. "शेवटचा प्रश्न. माझ्या ताईचा जीव या माणसाने घेतला का?"

पाणी पडलं. टिंग.

"घेतला! वाडगा बोलला!" कोणीतरी ओरडलं, आणि अंगण उसळलं. काठ्या निघाल्या. दोऊ गेनशेंग खांबाला चिकटला, पिवळा झगा ओला झाला. वेनयिंग त्याच्याकडे पाहत राहिली. ताईच्या तोंडावर हीच भीती असणार. पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली तेव्हा तिला बरं वाटलं. दुसरी बसली तेव्हाही बरं वाटलं. गप्प बसणं किती सोपं होतं! ती नुसती उभी राहिली असती तरी पुरलं असतं.

पण तिसरी काठी उचलली होती ती हू यांनी. झांज बडवणारे तेच हात.

"थांबा!" तिचा आवाज चिरला. "तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून मारताय? आत्ता मी उलगडून दाखवलं की वाडगा डुकरिणीलाही होय म्हणतो. तरी त्याचाच शब्द धरून काठ्या? ताईला असंच मारलंत. तुम्हाला वाडगा मिळाला की पुरतं, मग मान कोणाची का असेना!"

काठ्या हवेतच राहिल्या.

"मला सूड हवाय. याचा हवाय, आणि तुमचा त्याहून जास्त हवाय. पण मेल्यावर हा सुटेल, आणि तुम्ही म्हणाल, पूर्वजांनीच न्याय केला. मी तुम्हाला तेवढंही सुख देणार नाही. याला जिल्ह्याच्या कचेरीत नेईन, आणि नेण्याआधी हा इथे बसून प्रत्येक घराला ही युक्ती स्वतःच्या तोंडाने शिकवील. आणि लू आजी, तुमच्या लेकाच्या छातीत दगडाची भुकटी गेलीय. दगड कांडणाऱ्या आणि झिलई फवारणाऱ्या किती जणांना तो खोकला आहे, बघा की आजूबाजूला! त्या सगळ्यांच्या बायका विष घालतात? त्याला डॉक्टरकडे न्या. तोंडाला ओलं फडकं बांधायला लावा. सुनेला उठवा आधी."

म्हातारी वाकली. तिने त्सुइपिंगचा दंड धरला. सुनेने तो झटकून टाकला आणि एकटीच उठली.

वेनयिंगने सुरई हू यांच्यापुढे धरली. "ओता, काका."

"मी? मी कशाला..."

"ओता."

त्यांनी ओतलं. वाडगा किणकिणला.

"काय म्हणाला?"

हू यांनी ओठ ओले केले. "काही नाही. वाडगा बोलत नाही."

"मागे ऐकू आलं नाही."

"वाडगा बोलत नाही! भांडं तडकलं नुसतं!"

"मग माझी ताई कोणाच्या बोलण्यावर मेली?"

त्यांनी मान खाली घातली. शेवटी तो म्हातारा माणूस भरल्या अंगणासमोर, अगदी स्पष्ट आवाजात म्हणाला, "आमच्या."